हवाबाईचा तेरावा रकाना

हॉस्पिटलात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या यादीत ते नाव होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांची ती हवाबाई. तिसऱ्या मजल्यावरच्या झाडूवाल्याने कधीतरी कुणालातरी सांगितलं की वरच्या खोलीतल्या बाई हवा मोजतात, आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचं. पहिल्या वर्षी तिला राग यायचा. पुढे फोन उचलल्यावर ती स्वतःच "हवाबाई बोलतेय" म्हणायला लागली.

काम ऐकणाऱ्याला वेडगळच वाटायचं. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक लोखंडी यंत्र उभं होतं. ते दिवसरात्र हवा आत ओढायचं. त्याच्या पोटात घड्याळासारखा हळूहळू फिरणारा एक गोल डबा होता आणि डब्याभोवती चिकट पट्टी. हवेतून आलेली धूळ, काजळी, झाडांचे आणि गवताचे पराग, जे काही असेल ते त्या पट्टीवर येऊन बसायचं. दर सोमवारी सकाळी हवाबाई बासष्ट पायऱ्या चढून जायची, डबा बदलायची, खाली येऊन पट्टीचे सात तुकडे करायची, एका दिवसाचा एक. मग प्रत्येक तुकडा काचेवर घेऊन वर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. पराग तो रंग पितात, धूळ पीत नाही. गुलाबी कण ओळखायचे, मोजायचे आणि छापील तक्त्यात भरायचे. तक्त्यात बारा रकाने होते. अकरांवर नावं होती, झाडांची आणि गवतांची. बाराव्यावर लिहिलं होतं "इतर".

अकरा वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयातल्या एका बाईंनी तिला पंधरा दिवस हे काम शिकवलं होतं. त्याआधी हवाबाई रक्ततपासणीच्या खोलीत काचेच्या नळ्या धूत असे, म्हणजे शिक्षण बेताचंच. पण नजर तीक्ष्ण आणि बूड स्थिर. त्या बाईंनी जाताना एकच गोष्ट बजावली होती. जो कण ओळखता येत नाही त्याला अंदाजपंचे नाव द्यायचं नाही, सरळ इतरांत टाकायचा. हवाबाईने हे वाक्य मनावर कोरून घेतलं. तिने कधी एका कणालाही खोटं नाव दिलं नाही, आणि या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता. असायला हरकतही नव्हती, कारण असा अभिमान बाळगावा इतपत नेकीने काम करणारी माणसं त्या इमारतीत फार नव्हती.

खालच्या मजल्यावर, जिथे लोक नंबर लावून बसायचे तिथे, भिंतीवर एक बोर्ड होता. त्यावर तीन दिवे, हिरवा, पिवळा आणि लाल. अकरा रकान्यांची बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की दिवा बदलायचा. इतरांचा रकाना बेरजेत धरत नसत. ज्याचं नावच ठाऊक नाही त्याने कुणाला काय होतं हे कुणाला ठाऊक असणार, असा त्यामागचा हिशोब. दरवर्षी वसंतात दिवा लाल व्हायचा, गवताच्या दिवसांत पिवळा, आणि उन्हाळा उतरणीला लागला की हिरवा. तो थेट पुढच्या वर्षापर्यंत हिरवाच राहायचा.

हवाबाईने लग्न केलं नाही. त्याचं कारण तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ही तेरा. वडील कामावर जायचे, घर हिच्यावर. तिनेच त्याला भरवलं, शाळेत घातलं, मारलं, समजावलं. पुढे त्याचं लग्नही तिनेच जमवलं. धाकटा अंगापिंडाने तिच्या दुप्पट झाला तरी त्याचं पालुपद एकच राहिलं, "ताई सांगते म्हणजे खरं." त्याची बायको यावरून त्याला चिडवायची. उद्या वन्सं म्हणाल्या की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर हा गडी तिकडे तोंड करून उभा राहील, असं ती म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

धाकटा पाव करायचा. पंचविसाव्या वर्षी त्याने गल्लीच्या तोंडाशी विटांची भट्टी बांधून घेतली आणि वीस वर्षं ती थंड पडू दिली नाही. पहाटे तीनला उठायचा, सात-आठपर्यंत माल संपवून घरी यायचा. त्याचा पाव वरून खरपूस आणि आतून लुसलुशीत असा जमायचा, की लोक दोन रस्ते ओलांडून यायचे. पीठ मळताना तो कुणाशी बोलायचा नाही. बोललं की हाताला कळत नाही, म्हणायचा.

चव्वेचाळिसाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, त्याला शिंका सुरू झाल्या. पुढच्या वर्षी शिंकांबरोबर छाती भरू लागली. घरी येऊन आंघोळ करून बसला, दहा-साडेदहा झाले, की छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज. बहिणीने त्याला आपल्याच हॉस्पिटलातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हातावर ओळीने थेंब टाकून टोचून पाहिलं. सगळा हात कोरा, फक्त पिठाच्या जागी जराशी गांधी उठली.

"पिठाचं असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "भट्टीवर काम करणाऱ्यांना होतं. पण एवढ्याशा गांधीवरून मी सांगणार नाही." मग ते हवाबाईकडे वळले. "तुम्हीच सांगा. सध्या हवेत काही आहे का?"

हवाबाईने तक्ता डोळ्यांपुढे आणला. झाडं केव्हाच संपली होती, गवत संपून महिना झाला होता. बोर्डावर हिरवा दिवा होता आणि तो तिनेच लावला होता.

"नाही," ती म्हणाली. "हवा स्वच्छ आहे."

"मग पीठच," डॉक्टर म्हणाले.

धाकटा खुर्चीत अवघडून बसला होता. "पण ताई," तो म्हणाला, "भट्टीपाशी मला बरं वाटतं. घरी आल्यावर होतं जे काय व्हायचं ते."

डॉक्टर म्हणाले की कधीकधी त्रास उशिरा दिसतो. बहीण म्हणाली की बरं वाटतं ते सवयीने. धाकट्याने एकदा तिच्याकडे, एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मान डोलावली. महिन्याभरात भट्टी बंद झाली. जागा एका चपलांच्या दुकानदाराने भाड्याने घेतली. भट्टी पाडायची म्हणजे भिंत हलायची, म्हणून त्याने ती तशीच ठेवली आणि तिच्या पोटात चपलांचे खोके रचले. तेव्हापासून धाकटा त्या गल्लीने जायचा बंद झाला. बाजारात जायला त्याला दहा मिनिटं जास्त लागायची, पण वळसा घालूनच जायचा.

घरात भावजय स्वयंपाकघराचं दार लावून कणीक मळायची. तो बाहेरच्या खोलीत बसायचा. पिठाच्या डब्यावर तिने दुहेरी झाकण घातलं. वीस वर्षं ज्याच्या भुवयाही पिठाने पांढऱ्या असायच्या, त्याला आपल्याच घरात पिठापासून लपवून ठेवायची वेळ आली. पण थंडी पडली आणि धाकट्याची छाती स्वच्छ झाली. एक शिंक नाही. सगळे खूश झाले. डॉक्टर म्हणाले, बघा, पीठ सुटलं आणि माणूस सुटला. हवाबाईने त्या दिवशी देवापुढे नव्हे, मायक्रोस्कोपपुढे हात जोडले. तिचं ते असंच होतं.

नोकरी तिनेच शोधून दिली. शहराबाहेरून नवा रस्ता निघाला होता, त्याच्या भरावासाठी कुठूनकुठून मातीचे ट्रक यायचे. त्या ट्रकांचा वजनकाटा रस्त्याच्या कडेला होता आणि तिथे चिठ्ठ्या फाडायला शांत डोक्याचा माणूस हवा होता. काट्याचा मालक रक्ततपासणीच्या दिवसांपासून तिच्या ओळखीचा. आजूबाजूला इमारत नाही, धूर नाही, बसून काम. "मोकळी हवा," ती भावाला म्हणाली. "तुझ्या छातीला मोकळी हवाच पाहिजे." धाकटा गेला. ताई सांगते म्हणजे खरं.

पुढल्या उन्हाळ्याच्या शेवटी त्रास परत आला, आणि पहिल्यापेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, छाती एकदा बिघडली की हळवी राहते, आणि त्यांनी पंप दिला. त्याच्या पुढल्या वर्षी दोन पंप. असं तीन वर्षं चाललं. धाकटा दिवस ढकलत होता. आवाज बसला, पोट सुटलं, पावाचा विषय निघाला की उठून जायचा. हवाबाईला वाटायचं, भट्टी सोडायला आपण वर्षभर आधी सांगायला हवं होतं. म्हणजे बघा, आपल्या चुकीचासुद्धा तिने चुकीचाच हिशोब मांडला होता.

चौथ्या वर्षी, त्याच दिवसांत, भावजयीचा फोन आला. "वन्सं, हे पंप घरीच विसरून गेलेत. इथे पोराला ताप आहे, निघता येत नाही. तुम्ही जाल का?" हवाबाईने औषधांच्या खिडकीवरून नवा पंप घेतला आणि बसने वजनकाट्यावर गेली. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच जात होती.

केबिनच्या काचेमागे धाकटा तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. पंप मारल्यावर जरा सावरला. ट्रकांची रांग होती, म्हणून ती बाहेर बाकावर बसली. बाकाच्या दोन्ही बाजूंनी, मागे, रस्त्याच्या कडेने नजर पोचेल तिथवर एकच झाड माजलं होतं. कमरेपेक्षा उंच, पानं शेवंतीसारखी कातरलेली, शेंड्यांना हिरवट तुरे. त्या तुऱ्यांना फूल म्हणणं फुलांचा अपमान झाला असता. माशीसुद्धा त्यांच्याकडे फिरकत नव्हती.

"हे काय लावलंय?" तिने काट्याच्या मालकाला विचारलं.

"लावलंय कोण? मातीबरोबर आलं. आधी मूठभर होतं, आता बघा. उघडी माती झाकते, पाणी मागत नाही. फुकटची हिरवळ." मालक खुशीत होता.

हवाबाई उठली तेव्हा तिच्या काळ्या पर्सवर पिवळी भुकटी बसली होती. दुसऱ्या कुणी ती झटकली असती. हवाबाईच्या पर्समध्ये चिकट पट्टीचे तुकडे असायचे, बायकांच्या पर्समध्ये सेफ्टी पिना असतात तसे. तिने एक तुकडा भुकटीवर टेकवला, पुडीत घातला आणि खोलीवर परत आली. कारण विचाराल तर काहीच नव्हतं, हाताची सवय.

काच तयार केली, गुलाबी थेंब टाकला, डोळा लावला. भिंगाखालचं सगळं वर्तुळ एकाच तऱ्हेच्या कणांनी खच्चून भरलं होतं. बारीक, गोल, अंगभर आखूड काटे. हवाबाईने त्यांना क्षणात ओळखलं. रोज बसमध्ये भेटणारा, ज्याचं नाव आपण कधी विचारलेलं नाही, असा चेहरा ओळखावा तसं. ते तिचे इतर होते.

ती उठली. हात धुतले, पुसले, पुन्हा येऊन बसली आणि पुन्हा पाहिलं. मग कपाटाकडे गेली. नियमाप्रमाणे जुन्या काचा दहा वर्षं ठेवायच्या असतात आणि नियम मोडणारी ती नव्हती. धाकट्याला डॉक्टरांकडे नेलं तो दिवस तिला पाठ होता, आणि त्याआधीचा शेवटचा मोजलेला दिवसही. ती पेटी काढली, ती काच शोधली. त्या दिवशीच्या तक्त्यात, इतरांच्या रकान्यात, तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, एकशे बारा. काच तिने पुन्हा मोजली. एकशे बारापैकी एकशे सात तेच काटेरी गोळे होते. पट्टी तासाला दोन मिलिमीटर सरकते, म्हणून कोणत्या तासाला काय आलं तेही काचेवर दिसतं. पहाटे जवळजवळ काही नव्हतं. धाकटा भट्टीपाशी असायचा त्या वेळी हवा खरंच स्वच्छ होती. गोळे दाटीने आले होते ते नऊ ते अकरा.

तो म्हणाला होता, भट्टीपाशी मला बरं वाटतं. हे वाक्य आठवलं आणि हवाबाई त्या स्टुलावर बसून रडली. सावकाश, आवाज न करता, काचेवर थेंब पडू नये म्हणून मान बाजूला वळवून. तिने एका कणालाही खोटं नाव दिलं नव्हतं हे खरंच होतं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्याकडे ठाऊक नसलेलं एकशे बारा होतं आणि तिने सांगितलं, नाही. ठाऊक नाही म्हणायचं तिथे नाही म्हणाली. आणि त्या एका शब्दावर भावाची भट्टी विझली. वर तिने त्याला नेऊन बसवलं कुठे, तर त्या झाडांच्या मधोमध.

कुणाला सांगितलं नसतं तर कुणाला कळणार नव्हतं, हेही तिला दिसत होतं. मुख्य कार्यालयाने अकरा वर्षांत इतरांचा रकाना उघडून पाहिला नव्हता. डॉक्टरांना पीठ पटलं होतं. भाऊ तिच्यावर विश्वास ठेवून होता, आणि तिला त्या मोठ्या पोराशिवाय जगात दुसरं होतं कोण? पण न सांगितलं तर तो आयुष्यभर पिठाला भीत राहणार होता, आणि श्वास कोंडत होता तो निराळ्याच गोष्टीने. रविवारी सकाळी ती त्याच्या घरी गेली.

धाकटा बाहेरच्या खोलीत बसला होता. तिने प्रस्तावना केली नाही. "डॉक्टरांनी मला विचारलं होतं, हवेत काही आहे का. मी नाही म्हणाले. ते चूक होतं. होतं हवेत. त्या काट्यापाशी जे तण माजलंय ना, त्याचेच पराग. मी ते रोज मोजत होते. नाव माहीत नव्हतं म्हणून धरलं नाही. तुला पिठाने काही होत नसेल, असं मला आता वाटतंय."

धाकट्याने पुन्हा एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "किती होतं?"

"तेव्हाच्या मोजणीत? एकशे सात."

"आणि तू मला काट्यावर पाठवलंस."

"हो."

त्याने चपला घातल्या आणि तो बाहेर निघून गेला. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे हात कणकेचे होते. "चार वर्षं मी दार लावून मळतेय, वन्सं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, नुसती दमणूक होती, आणि हवाबाईला रागापेक्षा ते जड गेलं. चहा न घेता ती घरी आली.

मग धाकट्याने बोलणं सोडलं. फोन उचलायचा नाही. त्याने काट्याची नोकरी सोडली हेही भावजयीकडून कळलं. हवाबाईने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "विचारायचं मीसुद्धा तिथेच थांबलो." त्यांनी त्या तणाचे तुरे पाठवून त्यांचा अर्क मागवला. धाकटा बायकोबरोबर येऊन टोचून घेऊन गेला. अर्ध्या तासात हातावर रुपयाएवढी गांधी उठली. हवाबाई त्या वेळी वर बसून होती. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती खाली गेली नाही.

तिने काय केलं, तर पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि छापील तक्त्याच्या कडेला तेरावा रकाना आखला. मग सगळ्या जुन्या काचा काढून उन्हाळ्याच्या शेवटाचे आठवडे पहिल्यापासून मोजायला घेतले. आठ वर्षांमागे एकही नाही. सात वर्षांमागे, रस्त्याचं काम सुरू झालं त्या वर्षी, अख्ख्या हंगामात तीन. पुढच्या वर्षी एकोणीस. मग शेकडो, मग दिवसाला शेकडो. सुट्टीच्या दिवशी ती रस्त्याने चालत जाऊन पाहून आली. मातीचे ट्रक जिथे वळायचे तिथे वळणावर ते तण होतं. चाकांच्या चिखलातून ते शाळेच्या कुंपणापर्यंत पोचलं होतं, रिकाम्या प्लॉटांत शिरलं होतं, नाल्याकाठी उतरलं होतं. सात वर्षांत त्याने अर्धं शहर घेतलं होतं आणि कुणाची झोपही मोडली नव्हती. मुख्य कार्यालयाने तिच्या पत्रावर नमुना मागवला, कुण्या तज्ज्ञाने एक लांबलचक नाव कळवलं, आणि तिने ते तेराव्या रकान्यावर दोन ओळींत मोडून लिहिलं.

नगरपालिकेची माणसं यंत्र घेऊन ते कापायला निघाली, तेव्हा ती आडवी गेली. तुऱ्यांत बी धरलं होतं. आता कापलं तर बी यंत्राबरोबर गावभर जाणार होतं. टोळीचा मुकादम हसला. "बाई, तुम्ही हवेच्या. जमिनीचं आम्ही बघतो."

"बघा ना," ती म्हणाली. "पण पुढल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बघा. तुरा यायच्या आत, मुळासकट, हाताने. आणि आज त्या यंत्राची चाकं इथेच धुऊन घ्या." मुकादमाने डोकं खाजवलं, साहेबांना फोन लावला, आणि बऱ्याच कुरकुरीनंतर चाकं धुतली.

थंडी पडली. तेराव्या रकान्यात शून्य आलं. डॉक्टरांनी धाकट्याला बोलावणं पाठवलं. टोचून पाहिलं ते ठीक, पण भट्टी पुन्हा पेटवायची तर आपल्या डोळ्यांदेखत पिठात हात घालून दाखव, असं त्यांचं म्हणणं. आधी श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायचं, मग तासभर मळायचं, दर दहा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. आकडा घसरलाच तर औषध हाताशी. डॉक्टरांच्या खोलीत पेशंट खच्चून भरलेले, मोठं टेबल आणि पाण्याचा नळ दोन्ही असलेली मोकळी खोली एकच, वरची. हवाबाईची.

त्या खोलीत तिने अकरा वर्षांत कुणाला रुमालसुद्धा झटकू दिला नव्हता. आज तिने स्वतः मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं, टेबल पुसून कोरडं केलं आणि बाजूला उभी राहिली. धाकटा भल्यामोठ्या पातेल्यात पाच किलो पीठ घेऊन आला. तिच्याकडे न पाहता त्याने बाह्या वर केल्या. डॉक्टरांनी नळी पुढे केली. त्याने फुंकलं. नळीवरचा काटा चारशे तीसवर जाऊन थांबला. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मग त्याने पीठ टेबलावर ओतलं. खिडकीतून आलेल्या उन्हात ते धुरासारखं वर चढलं, त्याच्या चेहऱ्यावर, केसांत, भुवयांवर बसलं. भावजयीने पदराचं टोक घट्ट धरलं होतं. धाकट्याने पिठात खळगा केला, पाणी ओतलं, खमीर घातलं आणि हात घातले. पहिली दोन मिनिटं हात चाचपडले. मग त्यांना आठवलं. दाबायचं, दुमडायचं, वळवायचं. टेबल लयीत करकरू लागलं. दहा मिनिटांनी चारशे पंचवीस. वीस मिनिटांनी चारशे तीस. तिसऱ्या वेळी त्याला एक शिंक आली आणि खोलीतल्या कुणी श्वास घेतला नाही. "पीठ नाकात गेलं," तो म्हणाला. "कुणाच्याही जाईल." नळीने चारशे चाळीस दाखवलं.

हवाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला आनंद होत होता, आणि त्या आनंदाला बसायला जागा नव्हती. काटा जागचा हलत नव्हता, म्हणजे भाऊ धडधाकट होता, म्हणजे चार वर्षं तो उगाच भट्टीविना राहिला होता. प्रत्येक चांगल्या आकड्यागणिक तिची चूक पक्की होत होती. ती आकडे ऐकत राहिली आणि एकही चुकू नये अशी मनात प्रार्थना करत राहिली.

तासाने डॉक्टरांनी नळी पुसून ठेवली. "आठ दिवस घरी मळा. काही झालं नाही तर माझ्याकडून भट्टीला मोकळीक. उन्हाळ्याच्या शेवटी मात्र औषध आधीपासून, आणि खिडक्या बंद." ते गेले. भावजय डोळे पुसत त्यांच्यामागे कागद घ्यायला गेली. खोलीत दोघं उरली, आणि टेबलावर कणकेचा मोठा गोळा.

"माझं चुकलं," हवाबाई म्हणाली.

"ते मला कळलंय." धाकट्याने गोळ्यावरून तळवा फिरवला. दोन महिन्यांनी तो तिच्याशी बोलत होता. "मला राग आहे, ताई. आत्ता लगेच जायचा नाही."

"बरं."

"फडका आहे का एखादा? ओला करून दे. झाकून ठेवायला पाहिजे, नाहीतर वरून सुकेल."

तिने धुतलेला फडका नळाखाली धरला, पिळला आणि दिला. त्याने तो गोळ्यावर पसरला, कडा नीट दाबल्या, आणि बोटांना चिकटलेली कणीक सोलत उभा राहिला.

"पुढल्या वर्षी," तो म्हणाला, "हवेत काय आहे ते मी बोर्डावर बघणार नाही. तू सांगायचंस."

हवाबाईने नळ घट्ट बंद केला. "सांगेन," ती म्हणाली. "आणि मला ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणेन."

"तेवढंच," धाकटा म्हणाला, आणि कणीक वर यायची वाट बघत स्टुलावर बसला.